एक गाडी नाही!

भावोजींचा फोन आला आणि 'कसा आहेस' वगैरे न विचारता पलीकडून "अरे, एक गाडी नाही!" एवढंच ऐकू आलं, की ते मोखाडा तालुक्यात कुठंतरी सायकलवर आहेत असं समजायचं. मागून वाऱ्याचा घोंघाट, मधूनमधून धाप. "सूर्यमाळच्या अलीकडे आहे. पाऊण तास झाला, एक गाडी ना..." आणि रेंज जाते. मग संध्याकाळपर्यंत भावोजी या जगात नाहीत. ताई निवांत असते. "फोन लागत नाही म्हणजे बरे आहेत. लागला की समजायचं, काहीतरी मोडलंय," हे तिचं शास्त्र.

लोक गड शोधतात, धबधबे शोधतात, फर्मास मिसळ शोधतात. भावोजी मोकळा डांबरी रस्ता शोधतात. मुलुंडला एलबीएस मार्गाच्या कडेला राहून त्यांनी सगळी नोकरी काढली. बँकेने शाल-श्रीफळ दिलं त्याच आठवड्यात त्यांनी सायकल घेतली. गुडघ्यांसाठी घेतली असेल, असं आम्हाला वाटलं. "गुडघे गेले तरी चालतील," भावोजी म्हणाले, "कानातून हॉर्न गेला पाहिजे."

सुरुवात कोकणापासून झाली. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग त्यांनी तुकड्यातुकड्याने केला. खाडी आडवी आली की सायकल फेरीबोटीत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. ही नावं ते बारा ज्योतिर्लिंगांसारखी एका दमात म्हणतात. पुढे शनिवार-रविवारी जेट्टीवर मोटारींच्या रांगा लागायला लागल्या. एकदा बोटीतच एका मोटारीचा आरसा यांच्या कोपराला लागला आणि भावोजींनी समुद्राशी संबंध तोडले. पालघर हा किनाऱ्याचा जिल्हा आहे हे त्यांना मान्य आहे. पण त्यांचा पालघर जिल्हा समुद्राकडे पाठ करून सुरू होतो. केळवे, डहाणू, बोर्डी ज्यांना हवं त्यांना लखलाभ, यांना जव्हार-मोखाडा.

भाचा फ्रान्समध्ये असतो. त्याने तिकडच्या सायकलमार्गाचे फोटो पाठवले. अटलांटिकच्या कडेने रॉस्कॉफपासून स्पेनच्या सीमेपर्यंत 1,200 किलोमीटरहून लांब रस्ता, आणि त्यातल्या बऱ्याचशा भागावर मोटारींना बंदी. आम्ही 'वा वा' करत होतो. भावोजींनी चष्मा वर करून फोटो पाहिले. "छान आहे. पण त्यांना त्यासाठी सरकार लागतं. आपल्याकडे मोखाडा आहे."

त्यांचा वार मंगळवार. रविवारी सगळी मुंबई बाहेर पडते, म्हणून तो दिवस बाद. पहाटेच्या पहिल्या कसारा लोकलच्या मालडब्यात, रिकाम्या टोपल्यांच्या शेजारी, सायकलच्या दांड्यावर हात ठेवून ते उभे असतात. सायकलचं वेगळं तिकीट काढलेलं असतं आणि ते कुणी बघायला मागितलं नाही तर हिरमुसतात. कसाऱ्याला उतरल्यावर नाशिक महामार्गाचा छोटा तुकडा येतो. तेवढ्यात ते कुणाशी बोलत नाहीत. घाट लागायच्या आधी डावीकडे विहीगाव-खोडाळ्याचा फाटा आहे. तिथं वळून, थोडं आत जाऊन, एक पाय टेकून ते थांबतात आणि बोट वर करतात.

"ऐक."

"काय?"

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच ऐक."

याच वाटेवर विहीगावचा तो धबधबा आहे, 'अशोका' सिनेमात दाखवला म्हणून लोक ज्याला अशोका धबधबा म्हणतात. पावसाळ्यात तिथं रविवारी मोटारी कशा लागतात, हे भावोजी शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसं आवाज खाली आणून सांगतात. स्वतः त्यांनी तो धबधबा अजून पाहिलेला नाही. पायऱ्या उतरून जायचं तर सायकल वर ठेवावी लागते.

चढ हा शब्द त्यांच्या कोशात नाही. मोखाड्याकडून त्र्यंबकला जाताना लागणारा तोरंगण घाट हा 'जरा लांबट उंचवटा'. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तरी तेही 'थोडं वरच्या अंगाला'. धाप लागली म्हणून ते कधी थांबत नाहीत, फोटो काढायला थांबतात. त्यामुळे त्यांच्या मोबाइलमध्ये सागाच्या बुंध्याचे आणि किलोमीटरच्या दगडांचे असंख्य फोटो आहेत, आणि सगळे चढावरचे.

जव्हारला पोचले की शिरपामाळावर जाणं आलंच. 1664 साली सुरतेवर जाताना महाराजांचा मुक्काम इथं पडला आणि जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला, असं सांगतात. भावोजींचा इतिहास इथून पुढे सुरू होतो. "महाराजांनी हीच वाट का धरली? बघ की जरा. कुणाच्या नजरेत न येता फौज न्यायची. म्हणजे काय हवं? मोकळा रस्ता!" मुकण्यांचा जयविलास राजवाडा मात्र ते लांबूनच दाखवतात. तिथं पर्यटकांच्या गाड्या असतात.

गाड्यांची मोजदाद बँकेच्या जुन्या डायरीत होते. तिचे नियम आहेत. ट्रॅक्टर मोजायचा नाही, तो शेतीकामात धरायचा. मोटारसायकल अर्धी; तिच्यावर तिघं बसले असतील तर पाव, कारण तेवढ्या गाड्या वाचल्या. काळी-पिवळी जीप पूर्ण एक, टपावर कितीही माणसं असोत. मे महिन्यातले वऱ्हाडाचे टेम्पो वेगळ्या पानावर. एसटी दोन, धूर तेवढा सोडते, असं कारण. बँकेत असताना भावोजी असेच ताळेबंद जुळवत असतील, आणि ते जुळतही असतील.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर होतो, तेव्हा मोखाड्याच्या पुढे त्यांचं मागचं चाक बसलं. सायकल आडवी केली, पान्ह्याच्या टोकाने टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली, हवा भरली. मी म्हटलं, पंक्चर शोधायला वाडगाभर पाणी कुणाकडे तरी मागतो. समोरून दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन येतच होत्या. भावोजींनी मला हातानेच थांबवलं. ट्यूब गालाजवळ धरली आणि डोळे मिटून इंच इंच फिरवली. मग ओठांपाशी. एका जागी थांबले, थुंकीचं बोट लावलं, बुडबुडा आला. काचकागदाने जागा घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, पॅच दाबून धरला. बायका थांबून बघत होत्या. त्या गेल्यावर म्हणाले, "या तालुक्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मध्य वैतरणेचं धरण याच तालुक्यात. ते पाणी माझ्या नळाला येतं. आणि आता मी पंक्चरसाठी यांच्या हंड्यातलं मागू?" पुढे बराच वेळ त्यांनी गाड्या मोजल्या नाहीत.

दिवाळीनंतर इथले रस्ते आणखी मोकळे होतात. पूर्वी भावोजी त्यावर खूश असत. पाड्यांवरची दारं बंद का असतात, हे त्यांना एका म्हाताऱ्याने सांगितलं: माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. तेव्हापासून डायरीत नोव्हेंबरनंतर नुसत्या तारखा आहेत, आकडे नाहीत. विचारलं तर म्हणतात, "त्या दिवसांत पेन चालत नाही."

एसटी चुकवायची म्हणून त्यांनी सगळ्या फेऱ्यांच्या वेळा टिपून ठेवल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या वळणावर किती वाजता गाठणार, हे पाठ. व्हायचं ते झालं. फाट्यावर झाडाखाली बसलेली माणसं त्यांना ओळखायला लागली. लांबून सायकल दिसली की म्हाताऱ्या उठून उभ्या राहतात. "बाबा, मागं यष्टी दिसली का?"

भावोजी उतरतात. "जव्हारची ना? मोखाड्यात उभी होती. ड्रायव्हर चहा घेत होता. वीस मिनिटं धरा."

"आन् खोडाळ्याची?"

"तिला आज उशीर आहे, आजी. टोपली सावलीत ठेवा." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की गाडीचं चाक यांनीच काढून ठेवलंय. मग ते स्वतःही तिथंच बसून राहतात, गाडी येईपर्यंत. तोवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघते. गेल्या मंगळवारी त्यांना यामुळे परतीची लोकल मिळाली नाही.

परवा गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ते अर्ज लिहीत बसले होते. 'मा. आगारप्रमुख यांस, विषय: सायंकाळच्या जादा फेरीबाबत'. खाली परिच्छेदांना क्रमांक, सोबत डायरीतून उतरवलेला तक्ता, कुठल्या फाट्यावर किती प्रवासी किती वेळ थांबतात त्याचा. अक्षर खास बँकेतलं.

ताईने आमटी वाढता वाढता कागदात डोकावून पाहिलं. "अहो, तुम्हाला रस्त्यावर गाडी नको असते ना? आणि आता सरकारकडे गाडी मागताय?"

भावोजींनी मान वर केली नाही. तक्त्याखाली पट्टी ठेवून रेघ ओढली.

"यष्टी मोजायची नसते," म्हणाले. "भात वाढ."