डबल बेल कुणी मारली?

"काय गो, आमसुलांना कितवं पूट?"

गडग्यापलीकडून काकूंचा असा गोड आवाज आला की समजावं, विषय आमसुलांचा नाही.

"तिसरं," मी म्हटलं. कोकमाच्या साली आगळात बुडवायच्या, चटईवर पसरायच्या, वाळल्या की पुन्हा बुडवायच्या. माझे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"गुरुवारी अण्णांची बायको एसटीत चढली. एकटी. माणूस जाऊन अजून महिना नाही झाला!" काकू गडग्याच्या चिऱ्यावर कोपर टेकून उभ्या राहिल्या. "आणि दुसराच गुरुवार हो."

दुसऱ्या गुरुवारचं कोडं आमच्या वाडीत सहा वर्षांचं जुनं. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या गाडीनं जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. कुणी म्हणायचं, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात जातात. पण प्रसादाचा कण कधी कुणाच्या हातावर पडला नाही. कुणी म्हणायचं, लांज्यात गुपचूप जागा घेतलीय.

"मी पिशवी बघितली होती एकदा," काकू म्हणाल्या. "आत दाढीचं सामान. माणूस दाढीचं सामान घेऊन देवाला जातो होय?"

"काकू, अण्णा तसले नव्हते."

"मी कुठे तसले म्हटलं? मी दाढीचं सामान म्हटलं."

तसले खरंच नव्हते. एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर. कोकण रेल्वे आली १९९८ साली. त्याआधी आमची मुंबई, रत्नागिरी सगळी अण्णांच्या गाडीतून यायची. कुणाचा दुरुस्त केलेला चष्मा, कुणाची रक्तदाबाची गोळी, चाकरमान्यानं पाठवलेले गणपतीचे पैसे, सगळं तिकिटांच्या पेटीशेजारी. दारात येऊन द्यायचे आणि चहालाही थांबायचे नाहीत. पण हिशेबाला कडक. सासऱ्यांनी आणलेल्या फणसाचंसुद्धा लगेज फाडलेलं!

सुट्टीच्या दिवशी तीनही मुलींच्या वेण्या स्वतः घालायचे. वेणी झाली की दोनदा हलकेच ओढायची, "डबल बेल, चला शाळेत." आणि दर १ जूनला वाडीभर पेढे. १९४८ साली त्या दिवशी पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली, ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ.

"पंच्याहत्तरीला आठ महिने राहिले होते," काकूंचा सूर जरा उतरला. "२०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट झालं ना, तेव्हा म्हणाले होते मला, माझी पंच्याहत्तरी होऊ दे, मग दर गुरुवारी जाईन. मी विचारलं, कुठे हो? तर म्हणतात, भांडायला."

तेवढ्यात वहिनीच पाणंदीतून येताना दिसल्या. काकूंनी घाईघाईनं माझ्या आमसुलांची चौकशी पुन्हा सुरू केली.

"विचारा हो, विचारा," वहिनी हसल्या. "लांज्याला गेले होते. ह्यांच्या ड्रायव्हरभाऊजींकडे."

मग समजलं ते असं. अठरा वर्षं दोघांची एकाच गाडीवर जोडी. वस्तीच्या गावात एकाच कांबळ्यावर झोपायचे. सहा वर्षांपूर्वी ड्रायव्हरना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. न्हाव्याला जवळ येऊ देत नसत. अण्णा जाऊन दाढी करायचे.

"आणि भांडण?" काकूंना तेच हवं होतं.

"ते १९८७ चं. माझे बाबा आमच्याकडे यायला निघाले होते. रत्नागिरीपासून भरल्या गाडीत जावयाचा उद्धार चाललेला, फणसाचं लगेज फाडलं म्हणून. पालीला गाडी थांबली, बाबा चहाला उतरले, आणि दोन बेल पडल्या. भाऊजींनी गाडी काढली. लांज्यात लक्षात आलं, बाबा पालीलाच! भाऊजी म्हणाले, तू बेल मारलीस. हे म्हणाले, मी दोरीला हात लावला नाही. ते आजतागायत मिटलं नाही."

"म्हणजे मारली कुणी?"

"आमच्या थोरलीनं. चार वर्षांची होती, माझ्या शेजारी सीटवर उभी राहून ओढली. मी त्याच रात्री ह्यांना सांगितलं."

"मग भाऊजींना सांगितलं का नाही?"

"आधी म्हणाले, पोरीला ओरडतील. झटक्यानंतर मी पुन्हा म्हटलं, आता तरी सांगून टाका. तर म्हणाले, अगं, बाकी कशाला तो तोंड उघडत नाही. बेलचं काढलं की शब्द जुळवून जुळवून भांडतो. हे मिटलं तर तो बोलेल कशावर?"

मी हातातली साल तशीच धरून होते. आगळ कोपरापर्यंत ओघळलं.

"गुरुवारी मी गेले. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दाढी वाढलेली. मी खाटेजवळ बसले आणि विचारलं, भाऊजी, पालीला डबल बेल कुणी मारली?"

"मग?"

"वळले. 'त्या... नंच,' म्हणाले. मी म्हटलं, शक्य नाही. अर्धा तास भांडले माझ्याशी. दाढी करून दिली. एके ठिकाणी कापलं थोडं."

काकू गप्प होत्या. असं क्वचित होतं. पदराच्या टोकानं त्यांनी नाक पुसलं, गडग्यावरची वाळकी पानं झटकली, आणि मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"पण काय गो, एसटीची दोरी टपाला लागून असते. चार वर्षांच्या पोरीचा हात पुरतो तिथवर?"

वहिनींनी चटईवरचं एक आमसूल उचलून तोंडात टाकलं.

"मीठ बेताचं आहे," म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.