घोड्यामागून वरात

सदर मार्गदर्शन इंग्लंडात मुलाकडे किंवा मुलीकडे तीन महिन्यांसाठी गेलेल्या, आणि तिसऱ्याच आठवड्यात "इथे काय, डावीकडूनच तर चालवायची!" असे म्हणत किल्ली मागणाऱ्या ज्येष्ठ चालकांसाठी आहे. त्यांचे म्हणणे चूक नाही. पाहुण्याला भारतीय परवान्यावर तिथे बारा महिने गाडी चालवता येते, रस्त्याची बाजू आपलीच, स्टिअरिंगही उजवीकडेच. विम्यात नाव घालून घेतले की झाले. मग घोडे पेंड खाते कुठे? तर न्यू फॉरेस्टमध्ये, ऐन रस्त्यात उभे राहून.

साउथॅम्प्टनच्या पश्चिमेला पसरलेले हे अरण्य 'नवे' झाले ते १०७९ च्या सुमारास. विल्यम द कॉन्कररला शिकारीसाठी राखीव जागा हवी होती. तिथली तट्टे रानोमाळ फिरत असली तरी बेवारशी नाहीत. घराजमिनीबरोबर चराईचा हक्क मिळालेल्या स्थानिकांच्या मालकीची ती असतात, आणि देखरेखीला नेमलेले ॲजिस्टर त्यांच्या शेपटीचे केस ठरावीक तऱ्हेने कातरतात. त्या कातरणीवरून तट्टू कोणाच्या हद्दीतले ते ओळखू येते. थोडक्यात, नंबरप्लेट घोड्यालाही आहे. फक्त ती माश्याही हाकलते.

अरण्यातल्या बिनकुंपणाच्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरची मर्यादा आहे. हा आकडा कमाल आहे, देवाला बोललेला नवस नव्हे. तो फेडलाच पाहिजे असे नाही. हायवे कोडच्या तक्त्यानुसार या वेगात गाडी थांबायला ३६ मीटर लागतात, ताशी २० मैलांवर १२. दिवेलागणीच्या वेळी वळणाआड उभे असलेले तपकिरी तट्टू ३६ मीटरवरून दिसतेच असे नाही. शरद ऋतूत ओकची फळे खाण्यासाठी सोडलेली डुकरेही रस्त्यात भेटतात, पण त्यांचे मार्गदर्शन वेगळे लिहावे लागेल.

पहिला धडा पिवळ्या पेटीचा. खांबावरची ही पेटी गॅट्सो नावाने प्रसिद्ध आहे, आणि हे नाव मॉरिस गॅट्सोनिडेस या डच रॅलीपटूचे. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या गृहस्थाला वळणावर आपण आणखी जोरात कसे जाऊ हे मोजायचे होते, म्हणून त्याने यंत्र बनवले. पुढे तेच यंत्र जोरात जाणाऱ्यांच्या मागे लागले. 'मागे' हा शब्द शब्दशः घ्यावा. गॅट्सो रडारने वेग हेरतो, गाडी पुढे गेली की पाठीमागून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो, आणि डांबरावर आखलेल्या पांढऱ्या रेघांवर गाडी तेवढ्यात किती सरकली ते पाहून पडताळा घेता येतो.

पेटीसमोरचे आचरण शिकवावे लागत नाही. शंभर पावले आधी ब्रेक, चेहऱ्यावर साळसूद भाव, पेटी मागे पडली की पाय पुन्हा खाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसल्यापासून हा अभिनय आपल्याकडेही घरोघरी पोहोचला आहे. इंग्रजांनी तर या कलेसाठी संस्थाच काढली होती. १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन जन्माला आली ती पोलिसांच्या वेगसापळ्यांपासून मोटारवाल्यांना सावध करायला. तिचे सायकलस्वार गस्तवाले पुढे सापळा असला की इशारा देत. १९१० मध्ये कोर्टाने हा पोलिसांच्या कामातला अडथळा ठरवला. मग संस्थेने तोड काढली: गस्तवाल्याने सभासदाच्या गाडीला एरवी कडक सलाम ठोकायचा, सलाम आला नाही तर सभासदाने थांबून कारण विचारायचे. न केलेल्या सलामाला कलम कोणते लावणार?

घोडा सलाम करत नाही, फोटो काढत नाही आणि पावतीही फाडत नाही. त्याच्यासाठी ब्रेक लावायला म्हणूनच वेगळा धडा लागतो.

२९ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित हायवे कोडने २१५ व्या नियमात सरळ आकडेच घातले. घोडा दिसला की वेग जास्तीत जास्त ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर. ओलांडताना मध्ये किमान २ मीटर मोकळे. हॉर्न नाही, इंजिन घुमवणे नाही. न्यू फॉरेस्ट, एक्समूर, डार्टमूर इथल्या मोकाट तट्टांनाही स्वार असलेल्या घोड्याइतकाच मान.

मराठी चालकाची पंचाईत अशी, की त्याच्या ओळखीचा घोडा लग्नातला. बँड, फटाके आणि अंगात आलेले मेव्हणे यांच्या मधोमध तो नवरदेवाला पाठीवर घेऊन निर्विकार उभा असतो; एखादा हॉर्न त्याच्या खिसगणतीतही नसतो. इंग्लंडातल्या घोड्यावर हे संस्कार झालेले नसतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळपास चौफेर दिसते, पण ऐन पाठीमागचे आणि नाकासमोरचे दिसत नाही. नेमक्या त्याच पाठीमागच्या जागेत काका गाडी चिकटवतात. दिसत नाही पण गुरगुरते आहे, अशा वस्तूपासून आधी पळायचे आणि विचार नंतर करायचा, हे शिकार होणाऱ्या जनावराचे शहाणपण. त्यात त्याचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास.

आता प्रात्यक्षिक. लिंडहर्स्टच्या अलीकडे दोन घोडे जोडीने चालले आहेत. कडेच्या घोड्यावर दहा-बारा वर्षांची मुलगी, शेजारच्यावर एक मोठी बाई. काकांचा अंगठा स्टिअरिंगच्या मध्यावर गेलेला आहे.

"बाबा, हॉर्न नको."

"अरे, पण एकामागे एक चालायला काय होतंय त्यांना?"

नवख्या स्वाराला सोबत करताना जोडीने चालायची नियमात मुभा आहे. बाई हात आडवा धरून सावकाश खाली-वर करते. ही हळू होण्याची विनंती, टाटा नव्हे. "अहो, हळू म्हणतीये ती," मागून काकू. मागे एव्हाना पाच गाड्या लागलेल्या असतात. आपल्याकडे वरातीमागून घोडे येते, इथे घोड्यामागून वरात. घोड्याचा एक कान मागे वळला आहे का ते पाहावे. वळला असेल तर गाडी त्याला कळलेली आहे. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला की गाडी पलीकडच्या बाजूला पुरती नेऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, नालांची टापटाप काचेतून ऐकू येईल अशा बेताने पुढे न्यावी. मुलगी हात उचलून आभार मानते. दोन्ही हात लगामात असतील तर मान हलवते. उत्तरादाखल दोनदा पॉं-पॉं करण्याची हुक्की येईल, ती आवरावी.

रस्ता नक्की कोणाचा, असा प्रश्न काकांना पडणे स्वाभाविक आहे. कागदपत्रे घोड्याच्या बाजूची आहेत. १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या स्वयंचलित वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैलांची मर्यादा घातली. शिवाय वाहनापुढे ६० यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवायचा. त्याची कामे कायद्यातच लिहिली होती: घोडेवाल्यांना सावध करायचे, गरज पडल्यास वाहन थांबवायला लावायचे आणि घोड्यांना पलीकडे जायला मदत करायची. निशाण नंतर गेले, २ मैल राहिले. जानेवारी १८९६ मध्ये केंटमधल्या पॅडॉक वुड गावातून वॉल्टर आर्नॉल्ड ताशी ८ मैलांच्या बेफाम वेगाने निघाला. पोलिसाने सायकलवरून पाच मैल पाठलाग करून त्याला गाठले. दंड एक शिलिंग, वर खर्च. त्याच वर्षी कायदा बदलून मर्यादा १४ मैल झाली.

मोटारींची वेगमर्यादा घोड्याला लागू नाही. पण त्याने शेफारून जाऊ नये: दारू पिऊन घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात ठेवणे हा १८७२ पासून गुन्हा आहे. अर्थात पिणारा स्वार असतो.

स्वारांनीही आपल्या परीने उपाय केले आहेत. काहींच्या चकचकीत जाकिटावर पाठीमागे मोठ्या अक्षरांत 'पोलाइट' असे इंग्रजीत छापलेले असते. हा शब्द आणि 'पोलिस' यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, तोही लांबून न कळणारा. सभ्यतेला घाबरून ब्रेक लावला जाण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. काही गावांत पेगॅसस क्रॉसिंग भेटेल. तिथे खांबावर दोन बटणे असतात, एक पादचाऱ्याच्या उंचीवर, दुसरे घोड्यावर बसलेल्याच्या हाताशी. वरचे बटण दाबून पाहण्यासाठी काकांनी उड्या मारू नयेत.

तट्टांना खाऊ घालण्यास आणि कुरवाळण्यास २०२३ पासून मनाई आहे, तेव्हा काकूंनी भाकरवडीचा पुडा पर्समध्येच ठेवावा. आणि न करो नारायण, पण धडक बसलीच तर थांबणे सक्तीचे आहे. कायद्यात घोडा, गाढव, खेचर, गाय-बैल, मेंढी, शेळी, डुक्कर आणि कुत्रा यांची यादी आहे. मांजर नाही. का नाही, हे मांजर पाळणाऱ्यांसमोर विचारू नये.

हे सगळे यथासांग पार पडते. परतीच्या वाटेवर मात्र घोड्यांमागे गेलेली दहा मिनिटे भरून काढण्याच्या नादात ३० मैलांच्या एका गावात पिवळी पेटी नजरेतून सुटते आणि मागे दोनदा लख्ख होते. चौदा दिवसांच्या आत गाडी ज्याच्या नावावर, त्याच्या पत्त्यावर पाकीट येते. चालवत कोण होते ते त्याने २८ दिवसांत कळवायचे असते. मुलगा ते टेबलावर उघडून बसतो तेव्हा काका पुण्यात पोहोचलेले असतात, आणि संध्याकाळच्या कट्ट्यावर आपली नि शेजाऱ्याची छत्री टोकाला टोक लावून धरत, दोन मीटर म्हणजे साधारण किती, ते दाखवत असतात.