सत्कारमूर्तींना तोंड नाही

यंदाच्या पावसाळ्यातही आमच्या तालुक्यात ‘दुर्मिळ’ ॲटलस पतंग आढळला. गेल्या वर्षी आढळला होता, त्याच्या आदल्या वर्षीही. दर वर्षी तो पहिल्यांदाच आढळतो. फोटोत पतंग कोपऱ्यात असतो आणि मधोमध पुढारी.

पाहुणा मात्र खरोखर थोर. पंख पसरले की वीतभर भरतो. पंखांच्या टोकाला नागाचं तोंड रंगवलेलं. स्वतःचं तोंड मात्र नावापुरतंच, खाण्यापिण्याच्या कामाचं नाही. असा सत्कारमूर्ती शोधून सापडायचा नाही! चहा-नाश्त्याचा खर्च नाही, उत्तरादाखल भाषणाची धास्ती नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडाभर, फार तर दोन आठवडे काढायचे आणि तेवढ्यात संसार उरकायचा. मादी अंधारात एका जागी बसून गंध सोडते, नर पिसांसारख्या मिशांनी तो हुंगत लांबून येतो. त्याची गैरसोय होऊ नये म्हणून आम्ही हॅलोजन लावला.

मग संवर्धनाची बैठक झाली. चौकात पतंगाचा फायबरचा पुतळा आणि त्याला रात्रभर रंगीत दिवे, हे एकमताने ठरलं. झुडपं साफ करून ‘पतंग उद्यान’ उभारायचंही ठरलं. 2015 मध्ये ब्लू मॉर्मॉन राज्य फुलपाखरू झालं, तर पतंगाला निदान तालुका दर्जा द्या, अशी सूचना आली. देशात फुलपाखरांच्या जाती चौदाशेच्या आसपास, पतंगांच्या दहा हजारांवर. पण रात्रपाळीवाल्यांना बहुमत असून विचारतो कोण?

तेवढ्यात मागून एका बागायतदाराने विचारलं, “साहेब, याची अळी कशी असते हो?”

“हिरवट, चांगली जाडजूड, अंगावर पांढरी पूड. दालचिनीची, पेरूची पानं खाते.”

“ती होय! ती तर आम्ही फवारा मारून संपवली.”

इतिवृत्तात नोंद झाली : ‘स्थानिकांचा सक्रिय सहभाग.’ पानात गुंडाळून फांदीला लटकलेले कोष स्वच्छता मोहिमेत पाचोळ्याबरोबर पेटवले गेले होते. त्या मोहिमेला बक्षीस मिळालेलं असल्याने तो विषय कोणी काढला नाही.

आराखडा मंजुरीसाठी जिल्ह्याला गेला आहे. सत्कार मात्र ठरल्या दिवशी झाला. सत्कारमूर्ती दोन दिवस आधीच वारल्यामुळे शाल अध्यक्षांना घालण्यात आली.