राजवैद्य, धुकं आणि तुपाचं बिल

इगतपुरीत बसून अद्भुतरम्य कादंबरिका लिहायची, तर निम्मं काम पावसाळाच करून देतो. धुकं एकदा उतरलं की समोरचं घर दिसत नाही. गूढ प्रदेश वेगळा रंगवावा लागत नाही. कसाऱ्याहून गाडीला मागून जादा इंजिनं लावून घाट चढवतात. त्यांची धाप धुक्यातून ऐकू आली की राक्षसाचीही सोय झाली. उरले वैद्य आणि महामारी. माझा वैद्य पांढऱ्या दाढीचा, कमरेला बटवा, पौर्णिमेलाच उमलणाऱ्या वनस्पतीसाठी कळसूबाई चढणारा.

हस्तलिखित वहिनींना दिलं. त्या जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर. तीन पानं उलटून म्हणाल्या, "भाऊजी, हा रोग्याची गाठ चाचपतो आणि तसाच भाकरीला बसतो. हात कधी धुतो?"

"वहिनी, साथ काल्पनिक आहे."

"असू दे. हात खरेच आहेत ना?"

झक मारत खऱ्या साथीकडे वळलो. 1896च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मुंबई भराभर रिकामी होऊ लागली. आमच्या घाटात रूळ 1865 सालीच आलेले. पळणाऱ्यांतले कितीतरी धापा टाकत इथूनच वर गेले असणार.

आणि या साथीशी लढणारा नायक? वॉल्डेमार हाफकिन. ओडेसाचा ज्यू, दाढी नाही, बटवा नाही, मुळात डॉक्टरच नाही, प्राणिशास्त्रज्ञ! ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली आणि फौज म्हणून एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर आपल्याकडे साधा रेशनकार्डावरचा पत्ता बदलून मिळत नाही. या गृहस्थानं तीनेक महिन्यांत लस केली.

कृती तर माझ्या वनस्पतीच्या थोबाडीत मारणारी. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि वर तूप सोडायचं. तरंगत्या तुपाला धरून जंतूंचे झुपके झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात. मग ते गरम करून मारायचे आणि टोचायचे. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिननं पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेची. ताप चढला, अंग ठणकलं, माणूस शाबूत राहिला. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपणहून पुढे आले.

खलनायकही मिळाला. 1902 साली पंजाबातल्या मलकोवाल गावात लस घेतलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. आळ हाफकिनवर, नोकरीही गेली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे सिद्ध होऊन त्याची सुटका व्हायला 1907 उजाडलं.

हे सांगितलं तेव्हा वहिनींनी हाफकिनबद्दल चकार शब्द काढला नाही. "चिमटा कुणाच्या हातातून पडला?" एवढंच त्यांनी अशा आवाजात विचारलं, की मीच दोन पावलं मागे सरकलो.

कादंबरिका नव्यानं लिहितो आहे. कळसूबाई रद्द. राजवैद्य प्रत्येक प्रकरणात दोनदा हात धुतो. त्याच्या दिमतीला मी एक कारकून दिला, तिथे मात्र कथानक अडलं आहे. महामारी वेशीपर्यंत आली असून कारकुनानं "एवढे तूप औषधासाठी की जेवणासाठी, खुलासा करावा" असा शेरा मारून फाईल परत पाठवली आहे.