कुत्रं त्यांना हवंय, भाकरी मी थापायची

अहो आक्का, जरा कुंपणाजवळ या की. हात ओले असू देत, मला एकच विचारायचंय. आमच्या मालकांचा तुम्हाला मुंबईहून फोन आला होता का? हसू नका, खरं सांगा. आला होता ना? वाटलंच मला. काल रात्री मला म्हणतात, "आक्कांच्या चंपीला पाच पिल्लं झालीत, दोन काळी, तीन तांबडी." आता अंधेरीच्या खोलीत बसून माणसाला पिल्लांचे रंग कसे कळतात? मी इथं शेराच्या कुंपणाला कुंपण लावून राहते, मला फक्त चारच दिसली होती.

म्हणजे माझ्या पाठीमागं पिल्लू ठरवून ठेवलंय तर. कुठलं? नका सांगू. मी काही हो म्हटलेलं नाही अजून.

तुम्हाला सांगते, रोज रात्रीचा फोन म्हणजे आधी सासूबाईंची तब्येत, मग कांद्याचा भाव, मग कुत्रं, आणि राहिलाच वेळ तर मी. मुकादम गेल्यापासून हेच चाललंय. आमचा मुकादम हो, कुत्रा. त्यांनीच नाव ठेवलेलं. त्यांच्या डबेवाल्यांच्या टोळीचा मुकादम कसा सगळ्यांवर नजर ठेवतो, कोण आला, कोण राहिला, तसं हे पिल्लू पहिल्या दिवसापासून घरातली माणसं मोजत फिरायचं. संध्याकाळी एक जण जरी कमी असला तरी ओट्यावर बसायचं नाही.

तो आला तेव्हाचं आठवतं ना तुम्हाला? मार्च २०२० ला लोकल बंद पडल्या, डबे बंद झाले, आणि सगळी मुंबई गावाला आली. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, तिकडं अकोले, संगमनेर; डबेवाल्यांची घरं याच पट्ट्यात. १८९० पासूनचा धंदा, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला. पूर आले, संप झाले, तरी तो इतका कधी थांबला नव्हता. आमचे मालक लग्नानंतर पहिल्यांदा सलग घरी राहिले. एरवी जत्रेपुरते यायचे आणि पाहुण्यासारखे परत जायचे. त्या पावसाळ्यात फाट्यावर कुणीतरी सोडून दिलेलं पिल्लू त्यांनी टोपीत घालून आणलं. गांधी टोपीत! धुवायला मलाच लागली. मुलांचं लहानपण त्यांना बघायला मिळालं नव्हतं, त्या पिल्लाचं मिळालं. दात आले, पहिल्यांदा भुंकला, विहिरीच्या कठड्यावर चढून बसला, सगळं डोळ्यांसमोर. म्हणून तर एवढा जीव. मी काही न कळण्याइतकी वेडी नाही.

पुढं डबे सुरू झाले, पण निम्मीशिम्मी गिऱ्हाइकं घरूनच काम करायला लागलेली. टोळीतले कितीतरी जण परत गेलेच नाहीत. कुणी रिक्षा घेतली, कुणी टोमॅटो लावला. हे गेले, कारण थोरलीच्या कॉलेजची फी टोमॅटोच्या भावावर सोडता येत नाही. एक खोली, त्यात किती माणसं झोपतात हे ते मला नीट सांगत नाहीत. २००५ साली चार्ल्स राजपुत्राच्या लग्नाला यांच्यातले दोघे लंडनला जाऊन आले, एवढं नाव. पण खोलीत पाय लांब करायची सोय नाही, तिथं कुत्रं कुठं ठेवणार?

तरी तिथंही जुळवलंच होतं त्यांनी. दुपारी डबे पोचवून झाले की ही माणसं स्टेशनजवळ सावली बघून आपापला डबा उघडतात. तिथं एक तांबडी कुत्री येऊन बसायची, लाली म्हणून. पोळीचा तुकडा खायची आणि परतीचे डबे गोळा व्हायच्या वेळी उठून जायची. मला फोनवर तिचे फोटो यायचे. सवतीचे फोटो नवऱ्यानं स्वतः पाठवलेले मी पहिल्यांदाच बघितले! आता २०२५ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला ना, शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली मोकाट कुत्री उचलायची आणि परत तिथं सोडायची नाहीत, तेव्हापासून यांचा जीव टांगणीला. मी म्हटलं, अहो, कुत्री माणसांना चावतात, लहान पोरं जातात त्यात, कोर्ट काय उगाच बोलेल? तर म्हणाले, "लाली चावत नाही." प्रत्येक कुत्र्याचा मालक हेच म्हणतो, आणि ही तर यांची नव्हेच.

तर ते असं. इकडं मुकादम गेला, तिकडं लालीचा भरवसा नाही, म्हणून आता दारात दुसरं हवंय. आणि मी म्हणते, नको.

का नको ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या रात्री तुम्हीही जाग्या होता. आमची लाईट त्या आठवड्यात रातपाळीची, मोटार चालू करायला थोरला दीर विहिरीकडं गेलेला. मुकादम भुंकत उसाच्या कडेला गेला आणि एकदाच केकाटला. तेवढंच. सकाळी वाफ्यात बिबट्याचे पंजे दिसले, कुत्रं नाही. मी वनखात्याच्या माणसाला विचारलं, पंचनामा करता का? तो बिचारा भला माणूस, म्हणाला, "ताई, गाय, म्हैस, शेळी, मेंढी असती तर केला असता. कुत्र्याची भरपाई नसते." मला पैसे नकोच होते हो. कुठंतरी लिहून ठेवावं, एवढंच वाटलं.

आमची धाकटी त्याच आठवड्यात कॉलेजातून वाचून आली. म्हणे आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय बाईंनी आणि त्यांच्याबरोबरच्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. काय काय कामं करतात लोक! २०१४ साली ते छापून आलं. बिबट्याच्या पोटात जे जातं, त्याचं वजन धरलं तर शंभरातलं ३९ कुत्र्याचं. शेळ्या-बिळ्या सगळ्या त्याच्या मागं. म्हणजे बिबट्या आपल्याकडं येतो तो माणसासाठी नव्हे, आपल्या दारातल्या कुत्र्यासाठी. धरणं झाली, कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात त्याचा संसार सुरू झाला. तोडणीवाले कोयता घालतात तर सरीत बछडी. वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये ठेवून त्याच जागी रात्रभर सोडतात, आई येऊन उचलून नेते. त्या बछड्यांनी कधी डोंगर बघितलेला नाही. त्यांचं गाव हेच. आता ह्या गावात मी राखणीला कुत्रं ठेवायचं म्हणजे राखण कुणाची झाली?

सासूबाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, "दारात कुत्रं नसलं की घर उघडं दिसतं." त्यांचंही खोटं नाही. मुकादम असताना रात्री काय चाललंय ते कळायचं. तो गोठ्याकडं तोंड करून भुंकला की मी बॅटरी घेऊन आतूनच ओरडायचे. आता सगळं शांत असतं, आणि शांत असलं की मला जास्त भीती वाटते. शिरूरकडं पिंपरखेडला २०२५ साली बिबट्यापायी माणसं गेली. तिथं बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातात, टीव्हीवर बघितलं ना? धनगर पूर्वीपासून आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असला पट्टा घालतात. कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला, आणि हे मला मुंबईहून सांगतात, "एक पिल्लू आण, सोबत होईल."

यांचं काय आहे आक्का, लांब राहणाऱ्या माणसाला कुत्रं नेहमी संध्याकाळचंच दिसतं. फाट्यावर एसटीतून उतरलं की धावत येणारं, अंगावर उड्या मारणारं. सकाळचं दिसत नाही. सकाळी त्यानं कोंबडीची अंडी फोडलेली असतात, सारवलेल्या ओट्यावर घाण केलेली असते, आणि त्याची भाकरी आपल्या भाकरीच्या आधी थापावी लागते, कारण ते तोवर गप्प बसत नाही. हौस अंधेरीला आणि राबणं मळ्यात. मी हे त्यांना असंच्या असं सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझंही बरोबर आहे," आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला. असे आहेत आमचे मालक.

आणि विकतचं तर नावच काढू नका. वरच्या आळीतल्या त्या बंगल्यात बघितलं ना, मुलानं पुण्याहून निळ्या डोळ्यांचं कुत्रं पाठवलंय. बर्फातलं हो ते! एवढे केस, आणि आपल्याकडचा एप्रिल. त्याला पंखा लावून आत ठेवतात, आणि म्हातारा म्हातारी ओट्यावर झोपतात. मुलाला व्हिडिओवर कुत्रं दाखवायचं असतं ना रोज. त्याच्या पलीकडच्यांनी जर्मन शेफर्ड आणला, हजारो रुपये मोजून, कागदपत्रांसकट. बिबट्या काही कागदपत्रं बघत नाही. आणलाच तर आपल्या गावचा कुत्रा बरा, उन्हापावसाचा, भाकरी-ताकावर वाढलेला. यात माझं आणि मालकांचं एकमत आहे, लिहून ठेवा.

तुम्हाला वाटेल हिला कुत्र्याचं काही नाही. चंपाषष्ठीला मी तुमच्याकडं का आले होते, लक्षात आलं होतं का? बाजरीचे रोडगे केले, वांग्याचं भरीत केलं, तळी भरली. खंडोबाचा नैवेद्य दाखवून झाला की कुत्र्याला घास द्यायचा, आणि आमच्या दारात कुत्रंच नाही. सासूबाई म्हणाल्या, कावळ्याला ठेव. कावळ्याला कसं चालेल? म्हणून ताट घेऊन चंपीकडं आले. तेव्हा ती गाभण होती, एवढंसं पोट. सगळं भरीत खाल्लं आणि रोडगा तोंडात धरून गोठ्यामागं गेली. तेव्हाच मला कळलं होतं की हे प्रकरण आता आपल्या गळ्यात येणार.

बरं, आता सरळ बोलते. पाचातल्या किती माद्या? तीन? आणि मागणी सगळी नरांना, हो ना? दरवर्षी हेच. नर वाटून संपतात आणि माद्या पोत्यात घालून फाट्यावर. मग त्याच मोठ्या होतात, त्यांनाच पुन्हा पिल्लं, आणि मग आपणच बोंबलतो की मोकाट कुत्री वाढली. मुकादमसुद्धा तिथंच सापडला होता, कुणाच्या तरी चंपीचा. म्हणून मी नर घेणार नाही. ती तांबडी, पुढचा एक पाय पांढरा असलेली, मादी आहे ना ती? मी काल उगाच नव्हते बघत. तीच द्या. वयात आली की ऑपरेशन करून घेऊ, जनावरांच्या डॉक्टरांशी मी बोलते.

पण लगेच नाही. दोन महिने आईजवळ राहू दे, आत्ता तोडलं तर चंपी रात्रभर रडेल आणि मला तुमच्या आधी जाग येईल. पहिलं इंजेक्शन सहा ते आठ आठवड्यांत द्यावं लागतं, ते तुमच्याकडंच होऊ दे. नाहीतर पार्व्होनं अख्खं वेत जातं, मागं तुमच्याच गोठ्यात झालं होतं. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस. तोवर चैत्र येतो. एप्रिलात जत्रेला डबेवाले सुट्टी घेऊन गावाला येतात, तेव्हा आमचेही येतील. आल्यावर पालखीच्या आधी त्यांनी एक काम करायचं: ओट्याशेजारी लोखंडी जाळीचं घर, वरून पत्रा, खाली फरशी, दाराला आतबाहेर कडी. लाकडाचं नको, बांबूचं नको. दिवस मावळायच्या आत कुत्री आत, आणि रातपाळीच्या लाईटला कोण विहिरीवर जाईल ते ज्याचं त्यानं बघायचं, कुत्रीला बरोबर न्यायचं नाही. आतून भुंकली तरी मला कळतंय. जाळी उभी राहिली की तुमच्याकडून पिल्लू मी स्वतः उचलून नेईन. नाही राहिली, तर दुसरं घर बघा तिला, माझी तक्रार नाही.

आणि आक्का, आज रात्री त्यांचा फोन तुम्हालाच येणार, मला माहीत आहे. मी हो म्हटलं हे सांगू नका एवढ्यात. आधी जाळीचं माप सांगा आणि लसीचे पैसे मागून घ्या.