विनीत

व्यावसायिक संघटनेच्या सभासदांनी वर्षातून एकदा, शक्यतो दुसऱ्याच्या गावी आणि तिसऱ्याच्या खर्चाने, दोन-तीन दिवस एकत्र राहून आपल्या विषयाची चिंता वाहणे, अशी ‘अधिवेशन’ या संज्ञेची व्याख्या करता येईल. परंतु भंडारा जिल्ह्यात ही व्याख्या रूढ नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरू लागले आणि भंडाऱ्याहून नागपूर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर असल्याने येथील माणसाच्या लेखी अधिवेशन म्हणजे अडवलेले रस्ते, न मिळणाऱ्या गाड्या आणि मोर्चे, एवढेच होय. म्हणूनच एका विषयाच्या महाविद्यालयीन अध्यापकांच्या परिषदेचे तीन दिवसांचे वार्षिक अधिवेशन येथे भरणार असल्याची वार्ता प्रस्तुत लेखकाने मंडपवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सर्वांना अत्यंत गांभीर्याने सांगितली, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांनी “मोर्चा कोनाचा आहे जी?” एवढेच विचारले.

‘प्रस्तुत लेखक’ या प्रयोगाविषयी येथेच खुलासा केलेला बरा. विद्वत्तापूर्ण लेखनात ‘मी’ हा शब्द टाळला की अहंकारही टळतो, असा एक समज आहे आणि त्या समजापोटी हा प्रयोग रूढ झाला आहे. तो किती फसवा आहे, हे पुढील मजकुरात प्रस्तुत लेखक किती वेळा अवतरतो ते मोजल्यास कळून येईल.

अधिवेशनाच्या पूर्वतयारीत निवास, भोजन, वाहतूक आणि विषयनिवड ही अंगे महत्त्वाची मानली जातात, पण ती गौण होत. सर्व बुद्धी आणि सर्व वैर जिथे खर्ची पडते ते अंग म्हणजे निमंत्रणपत्रिका. पत्रिकेत वरून खाली उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती अशी उतरंड असते. ‘प्रमुख’ आणि ‘विशेष’ यांतील भेद कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही, परंतु ‘विशेष’मध्ये घातलेल्या गृहस्थाला तो पत्रिका हाती पडताक्षणी कळतो. उतरंडीच्या तळाशी ‘विनीत’ असतो. विनीत म्हणजे नम्र. नम्रता छापून दाखवण्याची सोय असलेली पत्रिकेतील ही एकमेव जागा असून तेथे आपले नाव इतरांपेक्षा किंचित ठळक टंकात यावे यासाठी स्थानिक कार्यवाहाने तीन वेळा छापखाना गाठल्याचे उदाहरण उपलब्ध आहे. स्थानिक कार्यवाह म्हणजे यश आल्यास ज्याचा उल्लेख आभारप्रदर्शनात होतो आणि भात कच्चा राहिल्यास ज्याचा उल्लेख सर्वत्र होतो, असा पदाधिकारी. प्रस्तुत लेखक या पदावर होता.

चौथी खेप मात्र नम्रतेसाठी नव्हती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीच्या मुलखात जी बोली बोलली जाते तिला झाडीबोली म्हणतात. तिच्यात ‘ण’चा ‘न’, ‘श’चा ‘स’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो, त्यामुळे डोळा हा डोरा होतो आणि काळा हा कारा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, तिची साहित्य संमेलने भरू लागली, आणि प्रस्तुत लेखकाने स्वतः एका चर्चासत्रात ‘बोलींचे संवर्धन’ या विषयावर बावीस मिनिटे कळकळीने भाषण केले होते. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने जसे कानावर पडत आले तसे, म्हणजे लेखकाच्या आडनावातील ‘ळ’च्या जागी ‘र’, असे जुळवले आणि पाचशे पत्रिका छापून झाल्या, तेव्हा हे संवर्धन आटोपले. पत्रिका नव्याने छापण्यात आल्या. तो खर्च हिशेबात ‘किरकोळ’ या सदराखाली दाखवण्यात आला असून या लेखात त्याची प्रथमच वाच्यता होत आहे.

निवासाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही; मंगल कार्यालय, गाद्या, डास. गरम पाण्याविषयी मात्र सांगावे लागेल, कारण अधिवेशनाचे खरे बीजभाषण न्हाणीघरापुढच्या रांगेत होत असते. जानेवारीतील थंडी लक्षात घेऊन प्रतिनिधींना धाडलेल्या परिपत्रकात, ‘पहाटे पाच वाजता प्रत्येक खोलीवर एक गुंड पाठवण्यात येईल’, असे आश्वासन होते. विदर्भात गुंड म्हणजे पाण्याचे धातूचे भांडे. पितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या भंडाऱ्यात या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो हे कोणाच्या मनातही आले नाही. पश्चिम महाराष्ट्रातील एका ज्येष्ठ प्राध्यापिकांनी दूरध्वनी करून, आपण शुल्क वेळेवर भरले असल्याचे दोनदा सांगितले, तेव्हा उलगडा झाला.

वाहतुकीची अडचण रेल्वेने नावातच सांगून ठेवली आहे. स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’ असून ते वरठी येथे आहे आणि ‘रोड’ या शब्दाचा रेल्वेच्या परिभाषेतील अर्थ, गाव येथे नाही, पण येथून रस्ता आहे, असा होतो. पहाटेच्या गाड्यांनी येणाऱ्या पाहुण्यांना वरठीहून आणण्याचे काम तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण अध्यापकाने अंगावर घेतले. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवावे तितक्याच तासांचे पैसे मिळणे. त्यात सुट्टीचे, आजारपणाचे आणि अर्थातच अधिवेशनाचे पैसे मिळत नाहीत. कानाला मफलर गुंडाळून तो तीन पहाटे स्थानकावर उभा होता आणि त्याच्या हातातील पुठ्ठ्यावर पाहुण्यांची नावे होती. ‘ळ’ सर्व जागच्या जागी होते. पुठ्ठा रात्रीच तपासण्यात आला होता.

येथे मंडईविषयी काही लिहिणे क्रमप्राप्त नाही, तरी ते लिहिले जाणार आहे. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील गावे एकामागून एक आपापला दिवस धरून जत्रा भरवतात, तिला मंडई म्हणतात. त्या दिवशी गोवारी ढाल घेऊन नाचतात, दंडार होते, खडीगंमत होते, लेकीबाळी माहेरी येतात, अंगणात सोयऱ्यांच्या पंगती उठतात, दोन-चार लग्ने जुळतात, आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालते. नाटकांचा हा हंगाम शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांतून होळीपर्यंत लांबतो. पलीकडच्या वडसा येथे नाटक मंडळ्यांची ठाणी आहेत, आणि २०२३ मध्ये या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी नकाशात शोधावी लागली असावी. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, मंडईसाठी निवास उपसमिती नसते, भोजन उपसमिती नसते, कोणी किती वाजता यावे याचे परिपत्रक निघत नाही, आणि तरीही पाहुण्याला नेमके कोणाच्या घरी उतरायचे आहे हे ठाऊक असते. शे-दीडशे प्राध्यापकांना तीन वेळा जेवू घालण्यासाठी सात उपसमित्या नेमणाऱ्या आणि त्या सातांत समन्वय राहावा म्हणून आठवी नेमणाऱ्या माणसाने या व्यवस्थेपुढे हात जोडावेत. हे विषयांतर येथे थांबवणे शास्त्रशुद्ध ठरले असते. तथापि मंडईतील नाटकाच्या पत्रकाचा उल्लेख राहून जाईल. त्या पत्रकावर नाटकाच्या नावाहून अधिक जागा उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि दीपप्रज्वलक यांना दिलेली असते, सहउद्घाटक वीस-वीससुद्धा असतात, आणि रात्री अकराला एकेकाच्या गळ्यात हार पडत असता प्रेक्षक शांतपणे भुईमुगाच्या शेंगा सोलतात. नाव छापून येण्याच्या हौसेत प्राध्यापक आणि गावकरी यांत भेद आढळत नाही. गावकरी एवढेच करतात की, त्यापायी नाटकातला प्रवेश कापत नाहीत.

पवनी या विषयावर प्रस्तुत लेखकाने चौदा पानांची पुस्तिका सिद्ध केली होती. वैनगंगेकाठच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. तेथील शिलाखंडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. वर्गणीदारांच्या नावांची ही दोन हजार वर्षांपूर्वीची यादी म्हणजे आजच्या स्मरणिकेतील ‘शुभेच्छुक’ या पानाचा पूर्वज होय, असे प्रतिपादन पुस्तिकेत होते. (स्मरणिका म्हणजे राइस मिल, पतसंस्था आणि भांड्यांची दुकाने यांच्या जाहिरातींमध्ये सापडेल तिथे लेख बसवून केलेला अंक, तो समारोपानंतर निघतो.) दुसऱ्या दिवशीच्या अभ्याससहलीसाठी पवनी आणि नागझिरा असे दोन पर्याय ठेवले असता पवनीसाठी तीन नावे आली, त्यांतील एक प्रस्तुत लेखकाचे होते आणि दुसरे, चौकशीअंती, नागझिऱ्याच्या रकान्यात जागा न उरल्याने खाली उतरलेले निघाले. वाघ कोणालाही दिसला नाही. रानगवे दिसले, आणि त्यांची चर्चा तिसऱ्या दिवशीच्या प्रत्येक परिसंवादात झाली.

आता जे सांगावयाचे आहे ते प्रस्तुत लेखकाने हिशेबातही दाखवलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी निबंधवाचनाला गुण लावले, आणि तेव्हापासून अधिवेशनात ऐकणाऱ्यांहून वाचणारे अधिक झाले. दहा मिनिटांचा निबंध पाचवर, पाचाचा तीनवर आला, आणि तीनही मिनिटे नसतील तर ‘निबंध वाचला असे गृहीत धरण्यात येत आहे’ अशी घोषणा करून प्रमाणपत्र देण्याची सोय निघाली. तिला गृहीतवाचन म्हणता येईल. वरठीच्या फेऱ्या करणाऱ्या त्या तरुण अध्यापकाचा निबंध दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास होता. तो त्याने चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता, आणि पंगतीत वाढप करताना घडीच्या कडेवर वरणाचा पिवळा डाग पडला होता. त्याचे सत्र उशिरा सुरू झाले, कारण आधीचे उशिरा संपले, कारण पहिल्या दिवशीचे सत्र दुसऱ्या दिवशी ढकलावे लागले, कारण उद्घाटनात सात मिनिटांचे प्रास्ताविक छत्तीस मिनिटे चालले. प्रास्ताविक स्थानिक कार्यवाहाचे होते. त्यात ग्रंथकारांच्या १८७८ सालच्या पुण्यातील पहिल्या सभेपासून महाराष्ट्रातील संमेलनांचा सविस्तर इतिहास आला होता, न्यायमूर्ती रानडे आले होते, आणि १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले, हेही मोठ्या आवेशात आले होते. सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या. ज्यांच्या कष्टांवर सभा उभी राहते त्यांना सभेत जागा नसेल तर त्या सभेला कशाला यावे, असा त्या नकाराचा अर्थ वक्त्याने स्वतःच लावून दाखवला होता. त्याच वक्त्याने दुसऱ्या दिवशी घड्याळ पाहून, वेळेअभावी शेवटचे चार निबंध गृहीत धरावेत, अशी चिठ्ठी सत्राध्यक्षांकडे सरकवली.

शेवटच्या चारांतील तिघांनी प्रमाणपत्रे घेऊन समाधान मानले. चौथा त्या वेळी खुर्च्या मोजत होता. बाराशे रुपये शुल्क भरून, तीन दिवसांच्या तासिका बुडवून तो आला होता आणि पत्रिकेत त्याचे नाव प्रमुख, विशेष किंवा विनीत यांपैकी कुठेही नव्हते. स्थानिक कार्यवाहाने जवळ जाऊन दिलगिरीसारखे काहीतरी पुटपुटताच तो म्हणाला, “होते ना जी सर. तुमी जेवले का?” आणि उत्तराची वाट न पाहता, ओळीतली मोडकी खुर्ची वेगळी काढत, “उद्या रातच्याला आमचं नाटक आहे, लाखनीकडं. या जी,” असेही म्हणाला.

समारोप यथासांग पार पडला. ठराव झाले, शाली संपल्या, स्मरणिका आली नाही. रात्री प्रस्तुत लेखक त्या गावी पोचला तेव्हा शंकरपटाची धूळ अजून खाली बसली नव्हती, ताडपत्रीवर निम्मे गाव पांघरुणे घेऊन बसले होते आणि मंडपाच्या खांबाला पत्रक चिकटवलेले होते. त्यावर काळा चष्मा लावलेल्या खलनायकाचे छायाचित्र आणि खाली ठळक टंकात नाव होते. अधिवेशनाच्या तीन दिवसांत कोणी ते नाव पुरते विचारलेही नव्हते. त्याखाली सहउद्घाटकांची यादी होती. तेरावे नाव प्रस्तुत लेखकाचे होते, पदवीसह, आणि आडनावातील ‘ळ’च्या जागी ‘र’ होता.

लाल शाईचे पेन खिशात होते. ध्वनिक्षेपकावरून ते आडनाव, त्या ‘र’सकट, दोनदा पुकारले गेले. लेखक उठला, हार घातला गेला, कोणीतरी शेंगा सोलायचे थांबून टाळी वाजवली. खाली उतरताना त्याने मंडपवाल्याकडून त्या पत्रकाच्या आणखी दोन प्रती मागून घेतल्या.