आज कुणाचं मीटर किती पळालं?

"अहो वहिनी, काल तुमच्याकडे दिवे गेले होते का? सगळी गल्ली उजेडात आणि तुमच्या हॉलमध्ये मेणबत्ती!"

"गेले कसले ताई, घालवले! आमच्या सोनूनं. सुट्टी लागल्यापासून पोरांनी मीटरचा खेळ काढलाय ना, तो अंगात आलाय तिच्या. संध्याकाळी सहाला वही घेऊन दारोदार जायचं, मीटरचा आकडा टिपायचा, त्यातून कालचा वजा करायचा आणि किराणावाल्याच्या फळ्यावर लिहायचा."

"तो फळा मी पेपरच्या आधी वाचते. दोन नंबरच्या बंगल्यात काल २२ युनिटं! मे महिना आहे, कबूल. पण २२?"

"दोन एसी आहेत त्यांच्याकडे. एक त्यांच्या खोलीत, एक कुत्र्याच्या."

"कुत्र्याच्या?"

"नाहीतर काय! मुलगा पुण्याला गेला, खोलीत आता कुत्राच झोपतो. तोही १८ वर. अहो, २०२० पासून स्टारवाला नवा एसी लावला की आपला आपण २४ वरच सुरू होतो, तसा नियमच आहे. हे मुद्दाम रिमोट दाबून खाली आणतात."

"कुत्रा काही बोलला नसेल. पण ती मेणबत्ती?"

"सांगते. पहिल्या दिवशी सोनूनं दिवे बंद केले, दुसऱ्या दिवशी मिक्सरवर बंदी. म्हणे, आई, चटणी पाट्यावर वाट. मी म्हटलं, ये, वरवंटा तूच धर. दोन दिवस वाटलीन बिचारीनं. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. आमचा मिक्सर ७५० वॉटचा, पण चालतो पाच मिनिटं. १६ वेळा चटणी वाटू तेव्हा कुठे एक युनिट. आणि तिच्या बाबांचा गीझर २००० वॉटचा. अर्धा तास तापला की युनिट खलास."

"मे महिन्यात गीझर?"

"चटका बसेल असं पाणी लागतं त्यांना, बाहेर चाळीस डिग्री असली तरी. त्यांच्या गीझरपायी मी पाटा घासायचा! बरं, तो नऊ वॉटचा बल्ब शंभरावर तास जळेल तेव्हा एक युनिट होतं. मेणबत्तीच महाग पडली की! पण पोरांना दिवा दिसतो, गीझर बसलाय बाथरूमच्या वर, दाराआड."

"आमच्याकडे निराळंच सापडलं. सासूबाईंच्या खोलीतला जुना फ्रिज. काहीच चालू नसताना मीटर का पळतंय म्हणून पोरांनी एकेक बटण बंद करत शोधून काढलं. आत काय, तर लोणच्याची बरणी आणि गुलाबपाण्याची बाटली. त्यासाठी तो रात्रंदिवस घरघरतोय."

"काढलात?"

"काढला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण वहिनी, तुमच्या खेळात लबाड्या फार हो. पाच नंबरवाले हल्ली इस्त्रीचे कपडे बाहेर देतात, फोन ऑफिसात चार्ज करून आणतात आणि फळ्यावर मिरवतात."

"ते तरी बरे. आधी नुसत्या युनिटांवर नंबर होता, तर मास्तर आणि मास्तरीणबाई रोज पहिले. दोनच माणसं! शिंपीकाकांकडे नऊ जण, ते भांडायला उठले. मग ठरलं की प्रत्येकानं आपल्याच मागच्या वर्षीच्या मे महिन्याशी तुलना करायची. बिलावर मागच्या महिन्यांचे आकडे असतातच. आता सात नंबरवाले पहिले."

"ते कसे? त्यांच्याकडे तर दिवसभर टीव्ही."

"मागच्या मे महिन्यात त्यांच्याकडे लग्न होतं!"

"अगं बाई! मांडव, रोषणाई, वर पाहुण्यांचे कूलर! यंदा नुसते घरात बसले तरी जिंकले की. माझी भाची कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तिला हे सगळं सांगितलं तर हसून लोळली. म्हणाली, मावशी, कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाच्या गावी असंच केलं होतं, २००७ साली ते छापून आलं. घरोघर दाराला कार्ड अडकवलं, तुम्ही इतकी वीज वापरली, शेजारी सरासरी इतकी. जास्त वापरणारे लाजून खाली आले."

"मग झालं की काम."

"कुठलं! कमी वापरणारे वर चढले. आपण उगाच काटकसर करतोय असं वाटलं त्यांना. मग कमीवाल्यांच्या कार्डावर नुसता हसरा चेहरा काढून दिला, तेव्हा ते जागच्या जागी राहिले."

"म्हणजे आमच्या मास्तरांच्या नावापुढे हसरा चेहरा काढायला हवा. नाहीतर तेही एसी घेतील."

"आणि ओबर्लिन म्हणून अमेरिकेतलंच एक कॉलेज आहे. २००५ मध्ये तिथल्या होस्टेलांत दोन आठवडे चुरस लावली, वीज ३२ टक्क्यांनी उतरली! पण कशी, तर पोरांनी जिन्या-पॅसेजचे दिवे काढले, थंड पेयांची मशिनं बंद केली. दोन आठवडे ठीक आहे हो. जन्मभर अंधारात जिना कोण चढेल?"

"आमची मेणबत्ती त्यातलीच. तुमचा फ्रिज मात्र गेला तो गेला."

"तेच मी सासूबाईंना सांगत होते. बरं, बक्षिसाचं काय ठरलं? दोन नंबरवाले ५०० रुपये देतो म्हणाले ना?"

"हो, पोरं खूश आहेत."

"घेऊ नका. भाचीनं तेही सांगितलं. आपल्याकडेच, शहरातल्या फ्लॅटवाल्यांना दर आठवड्याला शेजाऱ्यांशी तुलना करणारा कागद दिला, तर उन्हाळ्यातला वापर सात टक्क्यांनी घटला. त्याच कागदाला पैशाचं बक्षीस आणि दंड जोडला, तर सगळा परिणाम पुसला गेला. एकदा पैशाचा हिशोब आला की माणूस म्हणतो, ५०० सोडले, पण एसी लावतो."

"दोन नंबरवाले तेच म्हणतील. म्हणून तर स्वतः बक्षीस देतायत! ५०० द्यायचे आणि फळ्यावरच्या २२ चं तोंड बंद करायचं."

"आपल्या तोंडाचं काय करणार ते?"

"मग बक्षीस काय ठेवू या?"

"हरेल त्यानं सगळ्या गल्लीला आमरस आणि कुरडया."

"आमरसाला मिक्सर लागतो, ताई."

"पाच मिनिटं. हाताने पिळला तर तेवढाही नाही. आणि कुरडया तळायच्या गॅसवर, तो काही मीटरात येत नाही."

"तेवढं सोनूला सांगू नका. उद्या सिलिंडर वजनकाट्यावर ठेवेल."